ज्यांनी मला कान दिले

मी भंडारा जिल्ह्यातला साऊंडवाला. लग्न, मंडई, शंकरपट, भागवत सप्ताह, जयंती, प्रचारसभा आणि हिवाळ्यातली झाडीपट्टीची नाटकं. जिथे माईक लागतो तिथे माझी गाडी जाते. मला गाता येत नाही आणि कोणतं वाद्यही वाजवता येत नाही. बोलणाऱ्याचा, गाणाऱ्याचा आवाज समोर बसलेल्यांपर्यंत नीट पोचवायचा, एवढंच माझं काम. हे काम मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांत इंग्लंडच्या काही बँडची आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या तंत्रज्ञांची नावं फार वरची आहेत. त्यांतल्या एकालाही मी पाहिलेलं नाही. त्यांच्या गाण्यांचे शब्द मला अजूनही पुरते लागत नाहीत.

बीटल्स, पिंक फ्लॉइड, क्वीन, लेड झेपलिन, द हू ही नावं मी घेतली की आमच्याकडचे लोक गमतीने बघतात. हा माणूस पुण्या-मुंबईला शिकून आला असावा, असं कोणाला वाटतं. तसं काही नाही. माझं शिक्षण आयटीआयचं, ट्रेड रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा. आता पन्नाशी मागे पडली आहे. ज्यांचं देणं लागतो त्यांची नावं एकदा लिहून ठेवावीत, म्हणून हा खटाटोप.

आयटीआय करत असताना मी एका लाऊडस्पीकरवाल्याकडे हेल्पर होतो. अहुजाचं मशीन, बॅटरी, वायरचं भेंडोळं आणि दोन भोंगे एवढा सगळा पसारा. भोंगा निंबाच्या फांदीला किंवा उंच बांबूला बांधायचा आणि तोंड गावाबाहेर करायचं. मालकाची कसोटी एकच होती, "पल्याडच्या गावाले आयकू गेलं पायजे." आवाज जितका लांब जाईल तितका साऊंड चांगला, अशी माझीही पक्की समजूत झाली. भोंगा बनवलेलाच त्यासाठी असतो. मधले स्वर तो टोकदार करून लांब फेकतो. खालचे जाड स्वर त्यातून जवळपास येतच नाहीत. त्यामुळे ढोलकीचा घुमारा निघून जातो आणि नुसती टकटक उरते. मी लहानपणापासून गाणी ऐकली ती अशा भोंग्यांवर आणि घरच्या छोट्या ट्रान्झिस्टरवर. सिनेमाच्या गाण्यात बेस गिटार नावाचं काही वाजत असतं, हे मला विशीपर्यंत माहीतच नव्हतं. आणि तरी मी स्वतःला साऊंडचा मेकॅनिक म्हणवत होतो.

पुढे भंडाऱ्यात दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. तेव्हा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीतून बरंच काम यायचं. तिथे देशभरातली माणसं राहतात, आणि त्या काळी घराघरांत चांगले टेपरेकॉर्डर होते. त्या वसाहतीत एक चार्जमनसाहेब होते. जबलपूरच्या रेल्वे वसाहतीत वाढलेले, खमरियाच्या फॅक्टरीतून बदली होऊन इकडे आलेले अँग्लो-इंडियन गृहस्थ. रेल्वेच्या गावांमधून त्या समाजाने इंग्रजी गाणं-बजावणं जपलं होतं. साहेबांचं तरुणपण बीटल्सच्या काळात गेलेलं, आणि त्यांच्या घरी एचएमव्हीच्या कॅसेटींनी एक लाकडी कपाट भरलेलं होतं.

त्यांचा डेक माझ्याकडे आला तो आवाज दबल्याची तक्रार घेऊन. मी स्पिरिटने हेड पुसलं, रबराचा पट्टा बदलला, एक हिंदी कॅसेट लावून बघितली. मला ठीक वाटलं. साहेबांनी मान हलवली आणि खिशातून स्वतःची कॅसेट काढली. पिंक फ्लॉइडची 'द डार्क साइड ऑफ द मून'. त्यातल्या 'टाइम' या गाण्याच्या सुरुवातीला खूपशी घड्याळं एकदम वाजतात. टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारी, स्प्रिंगवर बसवलेला एक बारीक स्क्रू असतो. त्याने हेडचा तिरपेपणा काढता येतो. हेडची फट टेपला बरोबर काटकोनात बसली नाही की वरचे बारीक स्वर मरतात. मी तो स्क्रू मीटरच्या काट्याकडे बघून फिरवायचो. साहेबांनी मीटर बाजूला सारलं आणि म्हणाले, "घड़ियाँ सुनो बेटा, पेंच धीरे घुमाओ."

मी स्क्रू केसभर फिरवला. आधी नुसता खणखणाट होता. मग त्यातून एका भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके वेगळे झाले, गजराच्या घड्याळाची कर्कश घंटा वेगळी झाली, आणि मागे कुठेतरी चाललेली बारीक टिकटिक उघडी पडली. स्क्रू जरा पुढे गेला की सगळं परत मिटायचं. मी मागे-पुढे करत राहिलो आणि प्रत्येक घड्याळ आपापल्या जागी दिसू लागलं तिथे थांबलो. स्क्रूचा पाव फेराही झाला नसेल. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या धंद्यात खरं मीटर कान आहे, आणि माझा कान कच्चा आहे.

ती घड्याळं अ‍ॅलन पार्सन्स नावाच्या तरुण साऊंड इंजिनिअरने लंडनमधल्या एका जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती आणि नंतर एकत्र जुळवली होती. तो अल्बम १९७३चा. त्यातल्याच 'मनी' या गाण्याला नाण्यांच्या खुळखुळाटाचा ताल आहे. तो करताना वेगवेगळे आवाज टिपले, टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापले, चिकटवून त्यांची माळ केली आणि ती माळ मशीनवर गोल फिरवत ठेवली. हे मला साहेबांनी सांगितलं तेव्हा मी फार सुखावलो. टेप कापून चिकटवणं हे माझं रोजचं काम होतं. गुंतलेल्या, तुटलेल्या कॅसेटी लोक माझ्याकडेच आणायचे. त्याच कामातून असंही काही उभं राहतं, हे मला नवीन होतं.

साहेब मग कॅसेट ऐकायला देऊ लागले. सुरुवातीला मला तो गोंगाट वाटला आणि मी तसं सांगितलंही. ते रागावले नाहीत. त्यांनी एक अभ्यास दिला. एकच गाणं घ्यायचं; आज फक्त बेस गिटारच्या मागे जायचं, उद्या फक्त ड्रमच्या, परवा मागे गाणाऱ्या आवाजांच्या. बाकी सगळं वाजत असलं तरी आपण एकाचाच हात सोडायचा नाही. बीटल्सच्या गाण्यांवर हा अभ्यास चांगला होतो. पॉल मॅकार्टनीचा बेस गाण्याच्या खालून आपली वेगळी चाल बांधत जातो आणि गाणाऱ्याच्या आड कधी येत नाही. काही महिन्यांनी मी एक जुनं हिंदी गाणं लावलं आणि त्यातला बेस मला आपोआप ऐकू आला. पाठोपाठ व्हायोलिन, मागची डफली, एका कडव्यात येऊन जाणारी बासरी. गाणं तेच होतं, लहानपणापासून ऐकलेलं. त्यात किती माणसं बसली आहेत हे मला इंग्रजी बँडनी दाखवलं.

दुसरं शिक्षण क्वीनकडून मिळालं, आणि ते माझ्या पोटापाण्याच्या वेळी उपयोगी पडलं. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी मूळचा फारुख बलसारा. जन्म झांजिबारचा, १९४६चा. शाळा आपल्या पाचगणीतली सेंट पीटर्स. तिथे त्याने मित्रांना घेऊन 'द हेक्टिक्स' हा शाळेतला बँड केला होता आणि तो त्यात पियानो वाजवायचा. पण मला जास्त जवळचे वाटले ते त्याचे दोन साथीदार.

ब्रायन मे याने आपली गिटार वडिलांबरोबर घरीच बनवली. काम १९६३ साली सुरू झालं. गिटारची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून काढली, तारांचा ताण सांभाळायला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवल्या, स्वर हलवायच्या दांडीच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचं टोक लावलं. हीच गिटार तो आयुष्यभर वाजवत आला. पुढे त्याने खगोलशास्त्रात पीएचडी घेतली, तीही संगीतासाठी सोडून दिलेला अभ्यास साठीच्या उंबरठ्यावर पुरा करून. दुसरा बेसवादक जॉन डीकन. हा इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. त्याला लंडनमध्ये कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट सापडलं. त्याने ते एका लहान स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. त्या अ‍ॅम्प्लिफायरला आवाज कमी-जास्त करायचं बटणदेखील नाही. क्वीनच्या गाण्यांत कित्येक ठिकाणी गिटारींचा अख्खा वाद्यवृंद वाजतो आहे असं वाटतं, ती करामत या खोक्याची आहे. आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. तसले ट्रान्झिस्टर, एसी-१२८ वगैरे, माझ्या दुकानातल्या डब्यात जुन्या रेडिओतून काढलेले पडून असायचे आणि मी ते भंगार समजायचो.

हे मला कळलं तेव्हा माझ्याजवळ स्वतःचे स्पीकर घ्यायला पैसे नव्हते. भोंग्याच्या पुढे जायचं तर बॉक्स हवे होते. मी सुताराकडून प्लायवूड कापून घेतलं, नागपूरहून नुसते स्पीकर आणले आणि खोकी घरी ठोकली. आत जुन्या गादीचा कापूस लावला, मागे हवेला वाट ठेवली, ती वाट कमी-जास्त करत बेस जुळवला. पहिली खोकी धड झाली नाहीत. मोठ्या आवाजाला पाठ थरथरायची. आत आडवी पट्टी ठोकली तेव्हा ती थांबली. ब्रायन मेच्या गिटारीची गोष्ट माहीत नसती तर मी तेव्हाच कर्ज काढून तयार माल आणला असता, आणि ते कर्ज मला झेपलं नसतं. हातात आहे त्यातून करून बघायचं आणि जमेपर्यंत सोडायचं नाही, ही हिंमत मी त्यांच्याकडून उसनी घेतली.

ते बॉक्स घेऊन मी झाडीपट्टीच्या नाटकांकडे वळलो. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात, आणि त्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटकं होतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही नाटक कंपन्यांची पेठ. आमच्या लाखांदूर, पवनी, साकोली भागात एकेका हंगामात किती मंडप पडतात ते सांगायला नको. नट स्वतः गातात. ऑर्गन आणि तबला घेऊन वादक रंगमंचासमोर खाली बसतात. आता सोबत ऑक्टोपॅडही असतो. हजारो माणसं तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव बाहेरच्या लोकांनी ऐकलं. आमच्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

इथे माझी खरी परीक्षा होती, आणि पहिल्या हंगामात मी तीत नापास झालो. सगळे बॉक्स मी प्रेक्षकांकडे तोंड करून लावले होते. दुसऱ्या अंकात एका ज्येष्ठ नटाचं पद सुरांतून घसरलं. मध्यंतरात ते माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "बाबू, मले मावाच आवाज आयकू नाई ये." माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी वॉल्यूम वाढवला, आणि माईक शिट्ट्या मारू लागले.

उत्तर मला साहेबांकडे मिळालं. त्यांनी बीटल्सची गोष्ट सांगितली. १५ ऑगस्ट १९६५ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर माणसं त्यांना ऐकायला आली होती. व्हॉक्स कंपनीने त्यांच्यासाठी १०० वॉटचे खास अ‍ॅम्प्लिफायर बनवले होते, आणि गाण्याचे शब्द स्टेडियमच्या घोषणांच्या भोंग्यांवरून जात होते. आज आमच्याकडच्या साध्या लग्नाला याच्या कितीतरी पट वॉट लागतात. पोरीबाळींच्या किंकाळ्यांपुढे त्यांना स्वतःचंच काही ऐकू येत नव्हतं. त्यांच्याकडे तोंड केलेला एकही स्पीकर नव्हता. रिंगो स्टार मागे बसून पुढच्या तिघांच्या पाठी आणि हालचाली बघायचा, आणि त्यावरून गाणं कुठे पोचलं ते ओळखून ड्रम वाजवायचा. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६६मध्ये, त्यांनी असे कार्यक्रम करणं बंद केलं. कारणं आणखीही होती, पण आपलंच वाजवणं ऐकू न येणं हे त्यांतलं मोठं.

जगातला सगळ्यात नावाजलेला बँड ज्या अडचणीपुढे थकला, तीच अडचण लाखांदूरच्या मंडपातल्या त्या नटाची होती. मी दुसऱ्याच नाटकाला दोन लहान बॉक्स रंगमंचाच्या कडेला ठेवले, तोंड नटांकडे, कोन असा की माईक मागच्या बाजूला पडेल. त्यात फक्त ऑर्गन आणि गाणाऱ्याचा आवाज सोडला. ज्येष्ठ नटांनी पद म्हटलं आणि म्हणता म्हणता एकदा खाली माझ्याकडे बघितलं. त्या हंगामानंतर कंपन्यांनी मला परत परत बोलावलं. माझं घर चाललं ते तिथून.

तबल्याचा धडा तर एका मराठी नावाच्या माणसामुळे मिळाला. बीटल्सच्या १९६६च्या 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमवर जॉर्ज हॅरिसनचं 'लव्ह यू टू' हे गाणं आहे. त्यात तबला वाजवणाऱ्याचं नाव अनिल भागवत. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधून त्यांना बोलावलं होतं, आणि अल्बमच्या पाकिटावर त्यांचं नाव छापलं गेलं. पुढच्या वर्षीच्या 'विदिन यू विदाउट यू'मध्ये दिलरुबा वाजवणाऱ्यांत अण्णा जोशी होते. त्यांचं नाव मात्र तेव्हा पाकिटावर आलं नाही. 'रिव्हॉल्व्हर'चं ध्वनिमुद्रण करणारा जेफ एमरिक अवघा वीस वर्षांचा होता. त्या स्टुडिओचे नियम कडक होते. माईक वाद्यापासून किती लांब ठेवायचा तेही ठरलेलं होतं. या पोराने तबल्याचा माईक अगदी जवळ नेला. रिंगोच्या मोठ्या ड्रमच्या पोटात त्याने लोकरीचं स्वेटर कोंबलं आणि तिथेही माईक जवळ आणला. घुमून पसरणारा आवाज आवरला आणि ठोका स्पष्ट झाला.

मी तोवर ऑर्गन आणि तबल्याच्या मधोमध एकच माईक ठेवायचो. तबला नुसता दूर कुठे वाजतो आहे असं वाटायचं. त्या गाण्यानंतर मी डग्ग्याला वेगळा माईक दिला, पुडीपासून वीतभर अंतरावर, जरा तिरपा, म्हणजे हाताचा वारा त्यावर येणार नाही. मंडपात मागे बसलेल्या माणसालाही डग्ग्याची मींड कळू लागली. आमच्या एका जुन्या तबलावादकांनी विचारलं, "हे कुठून शिकलास जी?" मी अनिल भागवतांचं नाव सांगितलं. त्यांनी कान पकडले. नाव ऐकून की बीटल्स ऐकून, ते मी विचारलं नाही.

याच्या अगदी उलट धडा लेड झेपलिनचा. त्यांचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणं १९७१च्या अल्बममधलं. जॉन बॉनमचा ड्रम त्यांनी हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या, एकेकाळी गरिबांना ठेवायला बांधलेल्या इमारतीत टिपला. ड्रम खाली दिवाणखान्यासारख्या मोकळ्या जागेत, आणि अँडी जॉन्स या इंजिनिअरने दोन माईक वर जिन्यात टांगलेले. जवळ एकही नाही. त्यामुळे ड्रमबरोबर ती सगळी वास्तू वाजते. झाडीपट्टीत आम्हीही रंगमंचावर माईक टांगतो, कारण नट मोकळे फिरतात आणि गळ्यात वायर चालत नाही. मी त्याला नाइलाज समजायचो. झेपलिनने मला शिकवलं की टांगलेला माईकही समजून टांगावा लागतो. उंची हातभर बदलली तर माणसाचा आवाज बदलतो. नटाच्या चालण्याचा, थांबण्याचा, साडीच्या सळसळीचा आवाज कोणत्या उंचीवर शब्दांना खाऊ लागतो, हे मी तालमीला बसून बघू लागलो.

मग डीजेचे दिवस आले. ट्रॅक्टरवर बेसच्या भिंती, आणि वरातीत कोणाचे बॉक्स छातीत जास्त धडधडतात यावर पैज. माझ्याकडेही मागणी आली आणि मी काही काळ तेही केलं. पैसा चांगला होता. त्या काळात मी द हूबद्दल वाचलं. हा बँड मोठ्या आवाजासाठीच ओळखला जायचा. लंडनमध्ये वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलला त्यांच्या पीट टाउनशेंडने आणखी मोठे अ‍ॅम्प्लिफायर मागितले, आणि त्यातून ते एकावर एक रचलेले मार्शलचे ढीग आले. १९७६ साली चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावर त्यांचा आवाज ३२ मीटरवर १२६ डेसिबल भरला. गिनीज बुकात विक्रम झाला. नंतर गिनीजने तो विभागच बंद केला, लोकांचे कान जाऊ नयेत म्हणून. आणि टाउनशेंडचे कान? त्याला ऐकू कमी येऊ लागलं, कानात सतत सूर वाजू लागला. स्टुडिओतल्या हेडफोनलाही तो दोष देतो. त्याने ते लपवलं नाही. जाहीर बोलला, आणि वादकांना कानांची काळजी शिकवणाऱ्या संस्थेला मदत केली.

मी नागपूरला जाऊन कान तपासले. वरचे बारीक स्वर कमी झाले होते, तेच स्वर जे त्या घड्याळांच्या कॅसेटने मला उघडून दाखवले होते. डॉक्टरांनी समजावलं की ८५ डेसिबल आठ तास सोसतो, पण दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला पाव तासच उरतो. मी वरातीची कामं सोडली. उत्पन्न घटलं, घरात बोलणी बसली. टाउनशेंडसारख्या माणसाने आपली दुखरी बाजू उघडी केली नसती, तर मी अजून दहा वर्षं तिथेच काढली असती आणि नंतर नाटकाच्या मिक्सरवर बसायच्या लायकीचा राहिलो नसतो.

चार्जमनसाहेब निवृत्त होऊन जबलपूरला परतले. जाताना त्यांनी कॅसेटींचं ते कपाट माझ्या दुकानात आणून ठेवलं. पुढे त्यांच्या जाण्याची बातमीच आली. मी त्यांना गुरू म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं. ते म्हणायचे की गाण्यामागे उभी असलेली माणसं ओळखायला शीक. बीटल्सच्या स्टुडिओत केन टाउनसेंड नावाचा तंत्रज्ञ होता. जॉन लेननला एकच ओळ दोनदा गायचा कंटाळा, म्हणून या माणसाने १९६६ साली टेपमशीनच्या जोडणीतून आवाज आपोआप दुहेरी करायची युक्ती काढली. आज माझ्या मिक्सरवर एक बटण दाबलं की तशीच करामत होते. दाबताना त्याची आठवण मी ठेवतो.

हे सगळं फेडण्यासारखं नाही. जमेल तेवढं करतो. नाटक सुरू होण्याआधी ऑर्गनवाल्याचं आणि तबलेवाल्याचं नाव माईकवरून पुकारायला मी कंपनीला सांगतो. अण्णा जोशींसारखं कोणी बिननावाचं राहू नये. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी मिक्सरला हात लावू देत नाही. कपाटातली एक कॅसेट लावतो आणि म्हणतो, आज फक्त बेस ऐका. त्यांचं डीजेचं वेड मी काढू शकलेलो नाही, पण त्यांच्या कानांत कापूस असतो आणि नटांकडे तोंड केलेले बॉक्स ते विसरत नाहीत.

वाचकांना एकच विनंती. येत्या मंडईत तुमच्या गावात नाटक पडेल. मागे बसून शब्द कळत नसतील तर "आवाज वाढवा" असं ओरडू नका. आवाज वाढवून शब्द क्वचितच सुधारतात. मिक्सरजवळ या आणि काय ऐकू येत नाही तेवढं सांगा. साऊंडवाला जाणता असेल तर आधी तुमचं ऐकेल, मग बटणाला हात लावेल.